जागे राहून थांबणे

मास्तर आमच्या धर्मग्रामातील सेवानिवृत्त शिक्षक. तीस वर्षे त्यांनी चर्चच्या गायकवृंदाची धुरा वाहिली. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते एमआरआयचे मोठे पाकीट काखेत घेऊन माझ्याकडे आले. बसल्यावर म्हणाले, "फादर, डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली आहे. कॅन्सर नाही, असे डॉक्टर म्हणतात. सध्या काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. पण मुलगा ऐकत नाही. म्हणतो, डोक्यात गाठ असताना हातावर हात ठेवून कसे बसायचे? आजच काढून टाका. आमच्या घरच्या म्हणतात, आधी नोव्हेना करू. मला मात्र एकच विचारायचे आहे. देवाने दिलेल्या शरीरात अशी वस्तू वाढत असताना काहीच न करणे, हे पाप तर नव्हे?"

प्रश्न गंभीर होता. मी मात्र घाईने उत्तर दिले, "मास्तर, सौम्य गाठ आहे ना? मग देवाचे आभार माना आणि निश्चिंत राहा."

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग शांतपणे म्हणाले, "फादर, गाठ सौम्य आहे, पण माझा कान चालला आहे. सोप्रानो आणि आल्टो मला आता वेगळे ऐकू येत नाहीत."

त्या रात्री मला माझ्या उत्तराची लाज वाटली. सांत्वन करणे हे धर्मगुरूचे कर्तव्यच, पण समोरच्याचे ओझे न उचलता त्याला 'हलके आहे' म्हणून सांगणे म्हणजे सांत्वन नव्हे. मास्तरांचा प्रश्न मी पुन्हा नव्याने हाती घेतला. मी वैद्य नाही. परंतु प्रश्नाचे नैतिक रूप समजून घेण्यासाठी आधी आजाराचे रूप समजून घेणे भाग होते.

आपल्या मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी आठवी जोडी कानाकडे जाते. तिचा एक भाग ऐकण्याचे काम करतो, दुसरा शरीराचा तोल सांभाळतो. कानामागच्या हाडात सुमारे १ सेंटीमीटर लांबीचा एक अरुंद बोगदा आहे, त्यातून ही नस जाते. त्याच बोगद्यातून तिला अगदी खेटून सातवी नस जाते. आपले हसणे, डोळा मिटणे, ओठ हलविणे या सातव्या नसेच्या स्वाधीन असते. नसेभोवती काही पेशींचे आवरण असते. त्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू लागल्या की गाठ तयार होते. तिला 'अकूस्टिक न्यूरोमा', म्हणजे ऐकण्याच्या नसेची गाठ, असे म्हणण्याचा प्रघात पडला. वास्तविक ती बहुधा तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणात उगम पावते. शास्त्रीय नाव 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' हे अधिक बरोबर आहे. दरवर्षी लाखात एखाददुसऱ्याला होणारा असा हा विरळा आजार आहे.

ही गाठ कर्करोगासारखी शरीरभर पसरत नाही, म्हणून ती सौम्य. परंतु तिची जागा सौम्य नाही. हाडाच्या बोगद्यात तिला पसरायला वाव नसतो, त्यामुळे लहानशी गाठही शेजारच्या नसांना दाबते. एका कानाने कमी ऐकू येऊ लागते, फोनवर आवाज येतो पण शब्द उमगत नाहीत, कानात अखंड गुणगुण चालू राहते, अंधारात चालताना पाय डळमळतात. गाठ बोगद्याबाहेर येऊन फार मोठी झाली, तर ती मेंदूच्या देठावर दाब आणते आणि जिवालाही धोका संभवतो. तथापि सगळ्याच गाठी वाढत नाहीत. अनेक गाठी वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात. ज्या वाढतात त्या बहुधा वर्षाला १ ते २ मिलिमीटर अशा संथ गतीने वाढतात.

म्हणून डॉक्टरांसमोर तीन वाटा असतात. पहिली शस्त्रक्रियेची. दुसरी, बाहेरून अचूक नेम धरून सोडलेल्या किरणांनी गाठीची वाढ रोखण्याची. स्वीडनमधील शल्यविशारद लार्स लेक्सेल यांच्या 'गॅमा नाइफ' यंत्राने स्टॉकहोम येथे १९६९ साली अशा गाठीवर प्रथम उपचार झाले. तिसरी वाट म्हणजे ठरावीक काळाने एमआरआय आणि श्रवणचाचणी करीत गाठीवर नजर ठेवणे. यापैकी कोणतीही वाट विनामूल्य नाही. शस्त्रक्रियेत उरलेसुरले ऐकणे जाऊ शकते, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते. किरणोपचारांनी गाठ बहुधा थोपते, पण नाहीशी होत नाही आणि ऐकणे पुढे मंदावू शकते. आणि नुसती वाट पाहिली, गाठ तसूभरही वाढली नाही, तरीही कान हळूहळू कमी होऊ शकतो. गेलेले ऐकणे यापैकी कोणताही मार्ग सहसा परत आणून देत नाही. मास्तरांची गाठ लहान होती, बोगद्याच्या आतच होती आणि कान अजून पुष्कळसा उपयोगी होता. म्हणून डॉक्टरांनी तिसरी वाट सुचविली होती.

आता नैतिक प्रश्न. आपले जीवन आपल्या मालकीचे नाही. आपण त्याचे विश्वस्त आहोत. आरोग्याची वाजवी काळजी घेणे हे म्हणूनच ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य ठरते. परंतु 'वाजवी' या शब्दाची मर्यादा कोणती? सोळाव्या शतकात सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दि व्हिटोरिया यांनी या प्रश्नाचा विचार केला होता. जीव राखण्यासाठी जगातील प्रत्येक उपाय करण्यास माणूस बांधलेला नाही, असे त्यांचे मत होते. पुढे त्यातून 'सर्वसाधारण' आणि 'असाधारण' उपाय हा भेद रूढ झाला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात हाच विचार मांडला: व्यक्ती, स्थळ आणि काळ यांचा विचार करता जे उपाय स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकीत नाहीत, तेवढेच करण्यास माणूस सामान्यतः बांधील असतो. १९८० साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने काढलेल्या घोषणापत्रात उपायाचा भार आणि त्याचे अपेक्षित फळ यांचे प्रमाण पाहावे, असे स्पष्ट केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने त्यात आणखी एक गोष्ट अधोरेखित केली: रुग्ण समर्थ असेल तर निर्णय त्याने घ्यावयाचा आहे.

ही शिकवण मुख्यतः मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात सांगितली जाते. परंतु तिच्यामागील विवेक मास्तरांच्या प्रश्नालाही लागू पडतो. संभाव्य हानी टाळण्यासाठी आजच निश्चित हानी ओढवून घेण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीही करू शकत नाही. थांबणे हे पाप नव्हते. मात्र ते आपोआप पुण्यही ठरत नव्हते. कोणते थांबणे विवेकाचे आणि कोणते हेळसांडीचे, हा खरा प्रश्न होता.

या आजाराचा इतिहास येथे काही शिकवून जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ही गाठ काढावयास गेलेले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेतच दगावत. अमेरिकेतील शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संपूर्ण गाठ उपटून काढण्याचा हट्ट त्यांनी सोडला. ते गाठीचा आतला भाग काढीत आणि बाहेरचे कवच नसांवर तसेच राहू देत. मृत्यूंचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर आले. परंतु मागे राहिलेली गाठ पुष्कळांमध्ये पुन्हा वाढली. त्यांच्याच हाताखाली शिकलेले वॉल्टर डँडी यांनी १९२० च्या दशकात संपूर्ण गाठ काढण्याची पद्धत रूढ केली. गाठ परत येईना, पण चेहऱ्याची नस बहुधा वाचत नसे. दोघांचे या प्रश्नावरून कडाक्याचे मतभेद झाले. पुढे १९६० च्या दशकात विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाची जोड देऊन शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित केली. आणि आज? आजचे कुशल शल्यविशारदही, गाठ चेहऱ्याच्या नसेला घट्ट चिकटलेली आढळली, तर तिचा लहानसा अंश कधी कधी जाणूनबुजून मागे ठेवतात आणि त्यावर नजर ठेवतात. सगळे उपटून टाकण्याचे सामर्थ्य हाती आल्यानंतरही हात कुठे आवरावा, हा विवेक शिकावाच लागला.

हे वाचताना मला संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील शेतकरी आठवला. त्याच्या गव्हात वैऱ्याने रात्री निदण पेरले. चाकर उत्साही होते. ते लगेच उपटायला निघाले. धन्याने त्यांना थांबविले, कारण निदण उपटताना त्याबरोबर गहूही उपटला जाईल, अशी त्याला भीती होती. हा दृष्टांत प्रभूने देवराज्याविषयी सांगितला, वैद्यकाविषयी नव्हे. त्यातून औषधाचा सल्ला काढणे अनुचित होईल. परंतु धन्याने दिलेले कारण मला विचार करावयास लावते. निदण चांगले आहे असे तो म्हणत नाही. ते वैऱ्याचे काम आहे हे तो ओळखतो. त्याची दृष्टी मात्र निदणापेक्षा गव्हावर खिळलेली आहे. वाईटाचा द्वेष आणि चांगल्याची जपणूक यांपैकी एकाचीच निवड करायची वेळ आली, तर तो जपणूक निवडतो. मास्तरांच्या मुलाच्या आग्रहात प्रेम होते, यात शंका नाही. पण त्याचे लक्ष गाठीवर होते. वडिलांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या संगीतावर, त्यांच्या उरलेल्या कानावर नव्हते.

तरीही हा दृष्टांत आळशाला आधार देत नाही. निदण पेरले गेले तेव्हा माणसे झोपली होती, हेही त्याच कथेत आहे. थांबायचे तर जागे राहून थांबावे लागते. आगमनकाळात ख्रिस्तसभा आपल्याला हेच शिकविते: वाट पाहणारा सेवक दिवा लावून बसतो, दार लावून झोपत नाही. या कसोटीवर मास्तरांच्या थांबण्याला मी तीन अटी घातल्या, म्हणजे खरे तर आम्ही दोघांनी मिळून त्या शोधल्या.

पहिली, तपासणीची तारीख चुकवायची नाही. 'बरे वाटते आहे' म्हणून एमआरआय पुढे ढकलणे म्हणजे प्रतीक्षेचे हेळसांडीत रूपांतर करणे होय. दुसरी, घरच्यांपासून काही लपवायचे नाही. निर्णय रुग्णाचा असला तरी त्याची चिंता साऱ्या घराने वाहावयाची असते. ज्यांनी ओझे उचलायचे त्यांना ओझ्याचे वजन कळले पाहिजे. तिसरी, परिस्थिती बदलली तर निर्णय बदलण्याची तयारी ठेवायची. गाठ वाढू लागली, तर 'मी थांबण्याचे ठरविले होते' हा अभिमान आड येता कामा नये. गाठ मोठी होऊन मेंदूवर दाब आणत असेल, तर तिथे थांबणे हा विवेक राहत नाही. तरुण वयात दोन्ही बाजूंच्या नसांवर गाठी आढळल्या, तर तो बहुधा आनुवंशिक विकार असतो आणि त्याचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. मास्तरांना जे योग्य ते सर्वांना योग्य, असे कोणी समजू नये.

येथे आपल्या कुटुंबांसाठी एक व्यावहारिक गोष्ट नमूद करावीशी वाटते. एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, की आपण वयाला दोष देतो किंवा कानात कोमट तेल घालतो. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधेच निघते. परंतु वयाने येणारा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांना येतो. एकाच बाजूची तक्रार असेल तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि एखाद्या दिवशी अचानक एक कान बंद पडला, तर मुळीच वेळ न दवडता जावे, कारण त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच लाभदायक ठरतात.

मास्तरांच्या पत्नीच्या नोव्हेनाविषयी मी अजून बोललो नाही. नोव्हेना झाली, मीही तिच्यात सहभागी झालो. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत गाठ होती तेवढीच दिसली. बाई आनंदाने धावत आल्या आणि म्हणाल्या, "फादर, चमत्कार झाला. रविवारी चर्चमध्ये जाहीर करा." मी अडचणीत सापडलो. त्या वेळी मला टेओडोर श्वान यांची गोष्ट मदतीस आली. ज्या पेशींपासून ही गाठ तयार होते, त्या पेशींना 'श्वान पेशी' म्हणतात, त्या याच जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. श्वान हे श्रद्धावंत कॅथलिक. कोलोन येथे येशूसंघीयांच्या शाळेत ते शिकले आणि १८३९ ते १८४८ या काळात बेल्जियममधील लुव्हें येथील कॅथलिक विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १८६९ साली बेल्जियममधील लुईज लातो या तरुणीच्या अंगावर उमटणाऱ्या ख्रिस्तजखमांची पाहणी करण्यासाठी त्यांना बोलाविण्यात आले. 'श्वान यांनी हा चमत्कार मानला' अशी वार्ता पसरली. त्यांनी तसे म्हटलेच नव्हते. झालेली तपासणी त्यांना पुरेशी वाटली नव्हती. अखेर १८७५ साली स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करून त्यांनी आपली बाजू स्पष्ट केली. स्वकीयांचा रोष पत्करून त्यांनी सत्याला जपले. देवाच्या गौरवासाठी असत्याची मदत लागत नाही, हे त्या श्रद्धावंताला ठाऊक होते.

मी बाईंना म्हणालो, "अशा पुष्कळ गाठी वाढत नाहीत, तो त्यांचा स्वभावच आहे. रविवारी आपण चमत्कार जाहीर करणार नाही, पण आभाराची मिस्सा अवश्य अर्पण करू. जे नेहमीच्या नियमाने मिळाले, तेही देवाकडूनच मिळाले ना?" बाईंना ते लगेच पटले नाही. पण पुढच्या वर्षी गाठ १ मिलिमीटरने वाढलेली दिसली, तेव्हा त्यांची श्रद्धा डळमळली नाही. चमत्काराची घोषणा केली असती, तर त्या दिवशी आम्ही त्यांना काय सांगणार होतो?

आता आपल्याविषयी, म्हणजे धर्मग्रामस्थांविषयी. मास्तरांचा डावा कान मंदावल्यापासून गावात कुजबूज सुरू झाली होती, "मास्तर अलीकडे फार चढले आहेत. नमस्कार केला तरी उत्तर देत नाहीत." नमस्कार डाव्या बाजूने केलेला असे! एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कोणत्या दिशेने आला ते कळत नाही. लग्नमंडपात बँड वाजत असताना शेजारच्याचे बोलणे त्याला ऐकू येत नाही. काठी नाही, पट्टी नाही. त्याचे दुखणे दिसत नाही, म्हणून त्याला गर्विष्ठ ठरविणे आपल्याला सोपे जाते. आठवी आज्ञा केवळ खोट्या साक्षीपुरती नाही. पुरेशा कारणाविना शेजाऱ्याच्या मनात दोष आहे असे धरून चालणे, हाही तिचाच भंग आहे. त्या कुजबुजीवर माझाही थोडासा विश्वास बसला होता, हे मी येथे कबूल करतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका बहिऱ्या माणसाला बरे करतो. त्यासाठी तो आधी त्याला गर्दीपासून बाजूला घेतो, मग त्याच्या कानांत बोटे घालतो, आणि नंतर 'इप्फाथा' हा शब्द उच्चारतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी प्रभू आधी स्पर्शाने बोलतो. स्नानसंस्काराच्या विधीत बालकाच्या कानांना व ओठांना स्पर्श करून आपण त्याच प्रसंगाची आठवण करतो. बरे करण्याचे सामर्थ्य आपल्याकडे नसेल. परंतु गर्दीतून बाजूला घेण्याचे, ऐकू येणाऱ्या बाजूला जाऊन बसण्याचे, तोंडासमोर येऊन सावकाश बोलण्याचे सामर्थ्य प्रत्येकापाशी आहे. गाठीवर डॉक्टर नजर ठेवतील. माणसावर नजर आपण ठेवायची आहे.

मास्तर आजही वर्षातून एकदा एमआरआयसाठी जातात. गाठ त्या १ मिलिमीटरनंतर वाढलेली नाही. कान मात्र आणखी थोडा मंदावला आहे. पुढे काय होईल ते त्यांना ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. गायकवृंदाची मुख्य जबाबदारी त्यांनी एका तरुण मुलीकडे सोपविली आहे. मुले आता त्यांच्या उजव्या हाताला उभी राहतात. तपासणीच्या दिवशी पहाटेच्या मिस्सेला ते न चुकता येतात, ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि मग स्टेशनची वाट धरतात. मुलगा रजा काढून बरोबर जातो. वडिलांनी शस्त्रक्रिया करून घ्यायला हवी होती, असे त्याला अजूनही अधूनमधून वाटते. पण आता तो त्यांच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणजे रस्त्यावरच्या ज्या बाजूचे वडिलांना ऐकू येत नाही, ती बाजू तो स्वतः सांभाळतो.